ढिवरटोलीचा नमुना सहा

मतदार नोंदणीच्या कामात एक बरं असतं. भरलेले फॉर्म तालुक्याला जमा करावे लागतात, किस्से मात्र कुणी मागत नाही. ते आपल्याकडेच राहतात आणि साठत जातात. माझ्याकडे एकाच पावसाळ्याचे इतके साठलेत, की चार ओळखीची माणसं चहाला बसली की कुणीतरी म्हणतंच, "हं, सांग आता त्या सावरडोहचं!"

सावरडोह म्हणजे आमचं गाव. भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेपासून कोसभरावरचं. वडील जवाहरनगरच्या फॅक्टरीत, त्यामुळे आमचं बिऱ्हाड तिथल्या क्वार्टरमध्ये. मला सातव्या वर्षीच डेहराडूनला मावशीकडे शिकायला पाठवलं, पुढे दिल्लीत एम.ए. झाले. विषय राज्यशास्त्र! मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं त्या वर्षी मी परत आले आणि थेट सावरडोहला शाळेमागे एक खोली घेऊन राहिले. देश बदलायचा एवढं नक्की होतं. सुरुवात कुठून करायची, ते ठरायचं होतं.

ते आमच्या नायब तहसीलदार साहेबांनी ठरवून दिलं. नवे मतदार अचानक वाढलेले, नावं नोंदवायला माणसं कमी. ते म्हणाले, "गावातले तीन स्वयंसेवक निवडा. त्यांना नमुना सहा भरायला शिकवा. नेमणुकीचं पत्र मी देतो."

नमुना सहा म्हणजे यादीत नाव घालायचा अर्ज. त्या एका कागदानं मला जे शिकवलं, ते दिल्लीच्या लायब्ररीत नव्हतं.

*

निवडीसाठी मी अटींची यादी केली. मॅट्रिक पास हवा. अक्षर सुवाच्य हवं. वय तिशीच्या आत हवं. शासकीय कामाची आवड हवी.

गावच्या शाळेतून रिटायर झालेले नामदेव गुरुजी रोज सकाळी माझ्याकडे पेपर वाचायला यायचे. त्यांनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली आणि घडी करून मला परत दिली.

"ताई, या अटीत गावातलं एकच माणूस बसते."

"कोण?"

"तुम्ही!"

मग त्यांनी त्यांची अट सांगितली. एकच होती. "ज्याले कोणत्याही घरात पाय धुवाले पाणी भेटते, त्याले घ्या."

त्या अटीवर तीन जण निघाले. एक स्वतः गुरुजी, कारण निम्म्या गावाला त्यांनीच छड्या मारल्या होत्या. दुसऱ्या गिरजाबाई बांगडीवाल्या. आणि तिसरा ढिवरटोलीचा दशरथ, मासेमार सोसायटीचा सेक्रेटरी, पस्तिशीचा.

ढिवरटोली म्हणजे तलावाच्या पाळीखालची, बांधाच्या पायथ्याची मासेमारांची वस्ती. यादी करायला आलेला माणूस दिवसा यायचा, आणि दिवसा ही माणसं तलावांवर. घरांना कड्या पाहून तो परत जायचा. असं लागोपाठ दोनदा झालं होतं. दशरथनं आयुष्यात एकदाही मत दिलं नव्हतं.

"दोन इलेक्शनं लाईनीत उभा राहिलो ताई," तो म्हणाला. "दोन्ही खेपेले यादीत आमची टोलीच नाई. बहीण म्हणे, माह्या गावाहून टाक नाव. मी नाई म्हणलो. एकट्यानं मत देऊन का करू? येऊन राहिलो मी तुमच्या कामाले, पण टोलीतलं एक बी नाव सुटाले नोको."

मी त्याला तिथेच वचन दिलं. वचनं द्यायचं वय होतं माझं.

*

गिरजाबाईंच्या नेमणुकीत मात्र अडचण आली. त्या मूळच्या पवनीच्या, मोहाडीच्या बाजारात बांगड्यांचं दुकान लावायच्या आणि बाकीचे दिवस टोपली घेऊन गावोगाव हिंडायच्या. सहीपुरतं शिक्षण. पत्रावर 'शैक्षणिक पात्रता' अशी ओळ होती, तिथे लिहायचं काय?

मी त्यांना घेऊन साहेबांकडे गेले. साहेब भले माणूस, पण नियमाचे. म्हणाले, "बाई, लिहितावाचता येत नाही तर फॉर्म कसे भराल?"

"लिहाले गुरुजी आहेत ना साहेब. पण गुरुजीसमोर बायका तोंड उघडत नाईत. माह्यासमोर हात पुढं करतात."

"तालुक्यातल्या बायका तुम्हाला माहीत आहेत?"

गिरजाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या बाईसाहेबाचं पाहा. बांगडी लागते दोन-चारची, सांगतात दोन-दोन. माहेरचं नाव शकुंतला. लाल रंग आवडत नाई, तुम्हाले आवडते म्हणून घालतात. अन् मागच्या शनिवारी..."

"नेमणूक मंजूर," साहेब घाईनं म्हणाले आणि सही करून टाकली.

मागच्या शनिवारी काय झालं, ते गिरजाबाईंनी मलाही कधी सांगितलं नाही!

*

मग प्रशिक्षण. शाळेच्या वर्गात मी फळ्यावर राज्यघटना लिहिली. म्हणजे अगदी सगळी नाही, पण बरीचशी. सार्वभौमत्व, प्रौढ मताधिकार, प्रतिनिधित्व. दीड तास बोलले.

समोर तिघं बाकांवर गुडघे आवळून बसलेले. मी हात झटकले आणि विचारलं, "काही प्रश्न?"

दशरथनं हात वर केला.

"ताई, हा कागद ओला झाला तं चालते का?"

दीड तासात मी कागद ओला होण्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. आणि काम होतं भर पावसाळ्यात, तलावांवर आणि धानाच्या बांध्यांत, म्हणजे पाणी अडवलेल्या शेतांत.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी युरियाची रिकामी पोती धुऊन कापली, गिरजाबाईंनी त्यांच्या पिशव्या शिवल्या. त्या मोसमात तालुक्यात बऱ्याच गावांचे फॉर्म भिजले, आमचा एकही नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझ्या नियोजनाचं कौतुक केलं. मी उभी राहून सांगितलं, की हे नियोजन दशरथचं आहे. तो म्हणाला, "नियोजन कायचं ताई, मासोळी सोडून बाकी सगळं कोरडंच ठेवा लागते ना!"

*

अठरा पूर्ण झालेल्यांची वयं शाळेच्या दाखल्यावरून घ्यायची होती. गुरुजींनी जुनं रजिस्टर काढलं आणि माझ्या लक्षात आलं, की सावरडोहची सगळी पोरं एक जुलैला जन्मलेली आहेत. सगळी!

"गुरुजी, हे कसं?"

"शाळा कवा सुरू होते? एक जुलैले. पोरगं शाळेत आलं कवा? एक जुलैले. मंग जन्मलं कवा?"

तेवढ्यात पंढरी नावाचा एक तरुण तावातावानं आला. त्याच्या धाकट्या भावाचं नाव यादीत घेतलं होतं आणि ह्याला 'वय कमी' म्हणून परत पाठवलं होतं.

"गुरुजी, मी मोठा का तो मोठा?"

"तू."

"मंग रजिस्टरात तो माह्याहून एका वर्षानं मोठा कसा झाला?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "त्या साली पटावर पोरं कमी पडत होती बाबू. शाळा बंद होणार होती. तुहा भाऊ चालाले लागला होता, उचलून आणला, अन् वय वाढवून बसवला. तू त्या साली मामाच्या घरी होतास. दुसऱ्या साली आलास, तं तुहं वय खरं लिहिलं."

"म्हणजे माहं खरं लिहिलं म्हणून मी लहान?"

"खऱ्याचं असंच असते," गुरुजी म्हणाले. मग उठून दवाखान्यातला जन्माचा जुना कागद शोधायला पंढरीच्या घरी स्वतः चालत गेले. गुडघे दुखत असताना! कागद सापडला, त्यात जन्म रजिस्टरातल्या एक जुलैच्या सात महिने आधीचा निघाला; पंढरीचं नाव लागलं, धाकट्याचं थांबलं. गुरुजींनी कुणाची माफी मागितलेली मी ती एकदाच पाहिली. पंढरी त्यांच्या पाया पडायला वाकला, तर म्हणाले, "राहू दे बाबू. वाकायची पाळी आज माही आहे."

*

ढिवरटोलीची माणसं दिवसा भेटत नाहीत, तर आपणच दिवसा तलावावर जाऊ, असं मी ठरवलं. दशरथनं त्याचा डोंगा आणला. झाडाचं एकच खोड कोरून केलेली ती अरुंद होडी. पलीकडे सात-आठ जण कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत होते.

जवळ गेल्यावर मला राहवलं नाही. इतक्या वर्षांचा अन्याय, समोर ती कष्टाची माणसं! मी डोंग्यात उभी राहिले. "बंधूंनो," मी म्हणाले, "या देशाचे मालक तुम्ही आहात!"

पुढचं वाक्य पाण्याखाली झालं.

चौघांनी मिळून मला वर काढलं, तोंडावरचं शेवाळ पुसलं, पाळीवर बसवलं. कुणी हसलं नाही. सगळ्यात म्हातारे किसनबाबा माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि फार मायेनं म्हणाले,

"ताई, लोकशाही बसून बी सांगता येते."

त्या दिवसापासून मी बसूनच सांगते. जास्त लोक ऐकतात.

*

नमुना सहामध्ये विवाहित बाईला नवऱ्याचं नाव विचारलेलं असतं, आणि आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. गुरुजींनी युक्ती काढली. बायकांना ओळीनं बसवायचं, आणि प्रत्येकीनं आपल्या नाही, शेजारणीच्या नवऱ्याचं नाव सांगायचं. गावात ही युक्ती झकास चालली. एका सकाळी आख्खी आळी संपली.

टोलीत मात्र पहिल्याच बाईपाशी अडलं. तिनं शेजारणीकडे पाहिलं आणि पदर ओढला. "तिचा मालक माहा भासरा लागते."

भासरा म्हणजे मोठा दीर. त्याचंही नाव घेत नाहीत! तिसरीचा नवरा दुसरीचा मामेसासरा. चौथीचा नवरा तिसरीचा भासरा. टोली म्हणजे एकच घराणं. जी ती लाजून तोंड फिरवते आहे, आणि माझ्या हातातला फॉर्म कोराच!

तेव्हा गिरजाबाई पुढे झाल्या. त्या टोलीत कुणाच्याच कुणी नव्हत्या, म्हणजे सगळ्यांची नावं घ्यायला मोकळ्या. टोपली उतरवली, पहिलीचा हात हातात घेतला, आणि बांगडी चढवता चढवता एका दमात सांगत गेल्या. "कौसल्या, मालक शिवराम. भागरता, मालक सुकराम. सोनाबाई, मालक किसन..."

"हळू वो बाई!" सोनाबाई कुजबुजल्या. "ते तिकडे बसून आहेत, आयकतीन!"

अंगणाच्या टोकाला किसनबाबा जाळं विणत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"हळू कायले? जोरानं म्हण गिरजाबाई, अजून एक डाव म्हण! माय गेली तवापासून या घरात माहं नाव कोणी घेतलंच नाई!"

*

रोवणा जोरात असताना, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत, बायका बांधीतून वर यायला तयार नसत. टोलीतल्या बायकाही तेव्हा रोवण्यावर असायच्या. दशरथ बांधावरून फॉर्म घेऊन गेला. सोनाबाईंनी चिखलातून हात वर काढला, लुगड्याला पुसल्यासारखा केला आणि अंगठा उमटवला. शाईची गरजच पडली नाही. ठसा असा सुंदर उमटला होता, की रेघ न् रेघ मोजावी!

मागोमाग दहा-बारा जणींनी तसेच ठसे दिले. तालुक्याच्या कचेरीतल्या क्लार्कनं सगळे फॉर्म परत पाठवले. शेरा होता, 'चिखलाचा अंगठा ग्राह्य नाही.'

मी संतापले. चार पानी निवेदन लिहायला बसले. दशरथ मात्र शाईचं पॅड घेऊन गुमान बांधीवर गेला आणि सोनाबाईंना शेरा वाचून दाखवला.

सोनाबाई हात धुऊन वर आल्या. निळा अंगठा उमटवला. मग अंगठ्याकडे पाहत म्हणाल्या, "त्या साहेबाले विचारजो गा दशरथ, चिखलातला भात चालते, अन् चिखल काहून नाई चालत?"

दशरथनं खरंच विचारलं. क्लार्क हसला आणि बाकीचे चिखलाच्या अंगठ्याचे फॉर्म त्यानं आपल्या हातानं मंजूर अर्जांच्या गठ्ठ्यात ठेवले. चार पानी निवेदन माझ्याकडे अजून आहे. त्याला कुणी हात लावलेला नाही.

*

आता शेवटचा.

टोलीचे सगळे फॉर्म जमा झाले आणि चार दिवसांत त्यांच्यावर नमुना सात आला, म्हणजे हरकतीचा अर्ज. हरकत घेतली होती सदारामजी पाटलांनी. जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घरातले, सत्तरीचे, करड्या आवाजाचे. टोलीची मतं आली तर त्यांच्या पुतण्याची ग्रामपंचायतीतली जागा जाणार, हे उघड होतं. अर्जात लिहिलं होतं, 'सदर इसम गावचे कायम रहिवासी नसून वर्षभर निरनिराळ्या तलावांवर फिरत असतात.'

हरकत मान्य झाली असती तर टोली तिसऱ्यांदा यादीबाहेर राहिली असती.

सुनावणी शाळेच्या पडवीत ठेवली. तोच दिवस नवे अर्ज घ्यायचाही शेवटचा, पाच वाजेपर्यंत. टोली सगळी धुतलेले कपडे घालून आलेली. दशरथच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. मी रहिवासाच्या हक्कावर भाषण तयार केलं होतं, बसून द्यायचं.

नायब तहसीलदार साहेबांनी मला हातानंच थांबवलं. म्हणाले, "आधी नियमाप्रमाणे होऊ द्या. ज्याच्यावर हरकत आहे, तो माणूस कोण ते हरकतदारानं सांगावं. पाटीलजी, पुढे या. ही बाई कोण?"

"ही किसनाची बायको, सोनाबाई."

"वय अडुसष्ट."

"चूक! माह्या मोठ्या बहिणीच्या बरोबरीची आहे ते. बहात्तर लिहा."

"घर?"

"टोलीत, खालच्या अंगाले, बोरीखाली. दर साली पाणी शिरते. किसनाले सांगून सांगून थकलो, जोतं उचल म्हणून. आयकतच नाई!"

"दर साली?" साहेबांनी विचारलं.

"दर साली!"

साहेबांनी काहीतरी लिहिलं आणि पुढचा कागद उचलला. "हा कोण?"

"हा शिवराम. ही समोरची तलावाची पाळ याच्या आज्यानं बांधली, माह्या आज्यानं बांधून घेतली. अन् त्याच्या मांगं उभा आहे तो सुकराम. बापाचं नाव काय लिहिलं? रामा? रामा नाई, रामाजी. लिहिणाऱ्याले काही समजते का नाई?"

दशरथ घाईघाईनं पेन्सिलीनं दुरुस्त्या लिहून घेऊ लागला.

दुपार झाली. सदारामजींनी खुर्ची मागवली. चष्मा आणायला माणूस घरी पाठवला. एकेका नावाला ते थांबत होते. ह्याची सोयरीक कुणी जमवली, त्याचा कोणता पाय अधू, तिचं पहिलं लेकरू कोणत्या पुरात झालं. कुणाचं वय दोन वर्षांनी चुकलं तर कपाळाला हात लावत होते. टोली खाली बसून ऐकत होती. मधेच कुणीतरी म्हणायचं, "बरोबर आहे जी," आणि सदारामजी म्हणायचे, "बरोबरच असन!"

शेवटचा कागद झाला. साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "झाले सगळे?"

"थांबा," सदारामजी म्हणाले. त्यांनी डोळे बारीक करून टोलीवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "दशरथ, तुही बायको कोठी आहे?"

"बाळंतपणाले माहेरी गेली जी."

"ते मले माहीत आहे! कागद कोठी आहे तिचा?"

आम्ही गठ्ठा चाळला. गुरुजींनी चाळला. मी परत चाळला. सगळी टोली होती, दशरथची बायको नव्हती. टोलीच्या प्रत्येक दारात तीन-तीनदा गेलेला दशरथ, स्वतःच्या दारात गेलाच नव्हता! तो मान खाली घालून उभा राहिला.

"पण पाटीलजी," साहेब सावकाश म्हणाले, "त्या सध्या गावात राहत नाहीत ना?"

"राहत नाई म्हणजे?" सदारामजी खुर्चीतून उठलेच. "माहेरी गेली म्हणून का सून गावची राहिली नाई? दोन महिन्यात लेकरू घेऊन घरी येते ते!"

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते. सदारामजी माझ्याकडे वळले.

"पाहून काय राहिल्या ताई? काढा तो कागद अन् लिहा नाव. नाई तं या यादीवर मी हरकत घेतो!"